दत्तूमामाच्या रंगीत चौकटी

कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी चपला काढतात. माझा दत्तूमामा आधी दरवाज्यावर नख ओढतो.

अंगठ्याचं नख, मुद्दाम जरा वाढवलेलं. दाराच्या कडेला, सहसा कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी ते एकदा वरून खाली ओढायचं. रंग निघाला तर नुसती मान हलवायची. नाही निघाला तर घरमालकाकडे बघून "वा" म्हणायचं आणि मगच पाण्याच्या तांब्याला हात लावायचा. माझ्या चुलत नणंदेच्या लग्नात सगळे मांडवात अक्षता धरून उभे होते आणि मामा हॉलच्या प्लास्टिकच्या दाराशी वाकून बसला होता. मंगलाष्टकं संपली, टाळ्या झाल्या, आणि हा तळहातावर रंगाचा पापुद्रा घेऊन माझ्याकडे आला.

"बघ नंदे," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "वरनं कसा नवरीवानी दिसतोय. पन आत पकड नाय."

नवऱ्या मुलाच्या आत्याबाई शेजारीच होत्या. मामा दाराबद्दल बोलतोय हे त्यांना पटवून देता देता माझी पंगत हुकली.

'पकड' हा मामाचा शब्द. गावात नवा सरपंच झाला तेव्हा चौक गावच्या नाक्यावर लोकांनी मामाला मत विचारलं. "मानूस गुळगुळीत हाय," मामा म्हणाला. "घासल्याबिगर पकड यायची नाय." शेजारच्या घरात सासू-सुनेचं वाजलं तरी त्याचं निदान तेच. घाईघाईनं लग्न उरकलं, मधला प्रायमर राहिला.

हे सगळं तो विनोद म्हणून बोलत नाही. मामा विनोद करत नाही. माझ्या आठवणीत तो मोठ्यानं हसलेला नाही. रसायनीच्या एका कारखान्यात तो रंगखात्यात होता. टाक्या, पिंप, पाइप, जिने, कठडे, सगळं रंगवण्यात त्याची उमर गेली. रिटायर होऊन लोधिवलीच्या घरी बसला तरी संध्याकाळी पाच वाजले की साबणानं कोपरापर्यंत हात धुतो. हाताला काही लागलेलं असो की नसो.

मी कर्जतला राहते आणि चौकच्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. सकाळी स्कूटीवरून यायचं, संध्याकाळी परत. दुपारी मधल्या सुट्टीत डबा घेऊन मामाकडे जायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. डबा नुसता नावाला. शेवंतीमामी मला तो उघडूच द्यायची नाही. तांदळाची भाकरी आणि कालवण ती माझ्यापुढे ठेवायची आणि माझा डबा मामा खायचा. त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि तरीही मला कळलं नाही.

मामाचा मुलगा संतोष पनवेलला असतो. नोकरी चांगली, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. त्यानं गावचं घर हौसेनं नवं करून घेतलं. जुन्या लाकडी खिडक्यांना वाळवी लागलेली होती. त्या काढून सगळीकडे प्लास्टिकच्या आणल्या. दारं प्लास्टिकची, चौकटी प्लास्टिकच्या, आणि सगळं पांढरंशुभ्र. भिंती पांढऱ्या, खाली टाइल्सही पांढऱ्या. घरात शिरलं की आपोआप आवाज खाली यायचा, दवाखान्यात गेल्यासारखा.

मामाला तेव्हा ते घर फार आवडलं होतं हे मला पक्कं आठवतं. आल्या-गेल्याला तो खिडकी सरकवून दाखवायचा. "वाळवी नाय, गंज नाय, रंग नाय! जल्मभर रंगवलं. आता देवानं सुट्टी दिली."

आणि एका उन्हाळ्यात दुपारी मी गेले तर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून चौकटीला निळा रंग लावत होता.

"मामा, अरे प्लास्टिकला रंग लागत नाही म्हणतात."

"कोन म्हनतो?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी लावून बघितलाय का?" असं म्हणून त्यानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

सगळ्यांचंच खरं निघालं. चार दिवसांनी मामीनं त्या चौकटीला ओलं फडकं लावलं आणि निळा रंग दुधावरच्या सायीसारखा अख्खा सोलून तिच्या हातात आला. ती खूप हसली. मामा हसला नाही. तो तिच्या हातातला तो निळा पापुद्रा घेऊन पडवीत जाऊन बसला आणि बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिला. कारखान्यात त्यानं लोखंड रंगवलं होतं. प्लास्टिकशी त्याची गाठ पहिल्यांदाच पडत होती.

मग त्यानं नेट लावला. आधी साबणाच्या पाण्यानं चौकट धुवायची. वाळली की बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासायची, चमक जाईपर्यंत. मग कोरडं फडकं. मग खास प्लास्टिकचा प्रायमर, तो त्यानं पनवेलहून कुणाकडून तरी मागवला. काचेला आणि रबरी पट्टीला चिकटपट्टी लावायची. मग रंगाचा पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. आणि मग नख. नख ओढलं, रंग निघाला नाही, की मामा दोन पावलं मागे यायचा आणि मान वाकडी करून बघायचा.

चुका झाल्याच. पश्चिमेच्या खिडकीला त्यानं गडद लाल रंग दिला. त्या खिडकीतून दुपारभर ऊन थेट आत येतं. गडद रंगानं ते ऊन असं काही ओढून घेतलं की चौकट फुगली आणि खिडकी सरकेना. वारा बंद झाला. घर भट्टीसारखं तापलं. मामानं लाल रंग घासून काढला आणि तिथं फिका पिवळा दिला. "उन्हाचं इसरलो," एवढंच तो म्हणाला.

हळूहळू सगळं घर रंगलं. दारांच्या चौकटी गर्द निळ्या, दारं पिवळी, कड्या लाल. न्हाणीचं दार पोपटी. खिडकीच्या खालच्या पट्ट्या नारिंगी. लोधिवलीत त्या घराचं नाव रंगपंचमी पडलं. हायवेवरून जाणारे लोक गाडी हळू करून बघायचे. एकदा तर नव्यानंच भाड्यानं राहायला आलेली एक बाई लहान मुलाचं बोट धरून अंगणात आली आणि विचारू लागली, "बालवाडी हीच का?"

"हीच," मामा गंभीरपणे म्हणाला. "पन हितली पोरं जरा म्हातारी हायत."

मामी आतून हसली. बाई ओशाळून निघून गेली.

रंगाबरोबर मामाच्या इतर तऱ्हाही वाढल्या. घरातली कुठलीही वस्तू जागची हलवली की तो खेकसायचा. मी एकदा स्टूल ओढून पंख्याखाली बसले आणि उठताना ते तिथंच राहिलं, तर अख्खं जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. भर दुपारी दिवे लावून ठेवायचा. आणि जो माणूस घरात कधी दोन शब्दांच्या वर बोलला नाही तो आता सारखा बोलत सुटला. "आता मी दारात उभा हाय." "बादली मोरीशी ठेवतोय, डाव्या अंगाला." "चहाचा कप हितं ठेवला, पाटाच्या बाजूला." कुणाला उद्देशून, कुणास ठाऊक. आकाशवाणी म्हणायचो आम्ही त्याला. मामी म्हणायची, "वय झालं गं त्यांचं. बोलू दे." आणि आम्ही हसायचो.

संतोषला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं मनापासून बांधलेलं घर बापानं असं केलं याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यात त्याच्या मुलीचं लग्न जमायला आलं. मुलाकडची माणसं म्हणाली, आम्हाला तुमचं गावचं घर बघायचंय. पाहुणे येण्याच्या आदल्या रविवारी संतोष सकाळीच गाडी घेऊन हजर झाला. बरोबर एक कारागीर, त्याच्याकडे फवाऱ्याचं मशीन आणि पांढऱ्या रंगाचे डबे. मला फोन करून बोलावून घेतलं होतं. म्हणाला, ताई, तू असलीस की बाबा जरा ऐकतील.

बाबा ऐकेनात. मामा स्वयंपाकघराच्या निळ्या चौकटीत दोन्ही हात लावून उभा राहिला.

"या चौकटीला हात लावायचा नाय."

"बाबा, पाहुणे येऊन जाऊ देत. मग पुन्हा करा तुम्हाला हवं ते."

"नाय."

"लोक हसतात हो! माझ्या मुलीच्या सासरी काय सांगू मी? आजोबांना रंगाचं वेड लागलंय म्हणून?"

"सांग," मामा म्हणाला. "वेड लागलंय म्हनून सांग."

संतोषचा चेहरा उतरला. तो चिडका नाही. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "तुम्हाला इथं एकटं ठेवणंच चुकलं माझं. पाहुणे गेले की दोघांनाही पनवेलला घेऊन जातो. घर बंद करू या. आईला तरी जरा आराम."

मामाचे हात चौकटीवरून खाली आले. पनवेलचं नाव निघाल्यावर तो एकदम लहान दिसायला लागला. कारागीर बिचारा डबा हातात धरून जमिनीकडे बघत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मामी आतून आली.

तिच्या हातात पाण्याच्या पेल्यांचं ताट होतं. ती मामाच्या बाजूनं, निळ्या कडेचा अंदाज घेत, बेतानं बाहेर आली. ताट पाटावर ठेवलं. पदरानं हात पुसले.

"संतोष," ती म्हणाली, "रंग काडू नको रं. त्यो गेला तर मला दार गावायचं नाय."

संतोषला काही समजलं नाही. "म्हणजे?"

"म्हनजे कडंचं दिसत नाय मला. समोरचं तेवढं दिसतं, नळीतनं बघितल्यावानी. पांढऱ्यात पांढरं असलं की भिंत कुठली नि दार कुठलं, कळतच नाय."

मामीनं मान वळवली आणि मामाला शोधून त्याच्याकडे पाहिलं. मामाच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"तुला ठावं व्हतं?" त्यानं विचारलं. "मी का रंगवतोय ते?"

"तुमी कड्या लाल केल्यात तवाच कळलं."

"मग बोलली का नायस?"

"तुमी तरी कुठं बोललात?"

संतोषनं कारागिराला गाडीत बसवलं आणि नाक्यावर सोडून आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. आईच्या शेजारी बसून तो तिचा हात नुसता चोळत राहिला.

त्या दुपारी मामानं मला पडवीत बसवून सगळं सांगितलं. एकदा सकाळी मामी देवाला फुलं आणायला निघाली आणि थेट चौकटीवर आदळली. कपाळाला टेंगूळ आलं. पाय घसरला, म्हणाली. मामा "बरं" म्हणाला. पण त्याला ते पटलं नाही. मग तो बघायला लागला. वाढताना भात ताटाबाहेर पडायचा. बाजूनं कुणी आलं की ती दचकायची. मोरीत जाताना भिंतीवरून हात फिरवत जायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की हात काढून घ्यायची.

"कारखान्यात पाइपांना रंग देतात तो शोभेला नाय देत, नंदे," मामा म्हणाला. "कुठल्या पाइपात काय हाय ते लांबनं कळावं म्हनून देतात. म्हनलं, घरालाबी तसाच देऊ."

"पण तिला विचारलं का नाहीस?"



"इचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर संतोषला कळलं असतं. त्यो पनवेलला नेनार. त्याचं काय चुकत नाय. पन तिथं ती कुनाचं दार उघडनार? हितं तिला दळन, अंगन, शेजारनी, सगळं हाताखालचं हाय. लोक मला हसतायत तर हसू दे म्हनलं. मला हसत व्हते तवर तिच्याकडं कोन बघत नव्हतं."

लग्नाच्या हॉलमधली ती गोष्ट मीही कितीतरी जणांना रंगवून सांगितली होती.

दुसऱ्याच दिवशी संतोष दोघांना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. डॉक्टर भले होते, त्यांनी शांतपणे समजावलं. गेली ती नजर परत येणार नाही, पण राहिलेली टिकवता येईल, थेंब रोज न चुकता घालायला हवेत. जाताना सहज म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर आणखी राखता आली असती."

ते वाक्य मामाच्या जिवाला लागलं. तो घरी आला आणि त्यानं रंगाला हात लावायचं सोडलं. ब्रश डब्यातच वाळून कडक झाले. कुणाच्या घरी गेला तर मुकाट चपला काढून बसायचा. मी दुपारी गेले की डबाही खायचा नाही. एकदा मी खूप आग्रह केला तेव्हा म्हणाला, "मी दारं रंगवत बसलो गं. तिला डाक्टरकडं न्यायचं सोडून दारं रंगवत बसलो." ते खरं होतं.

मामी आतून ऐकत होती. ती म्हणाली, "मीच लपवलं. तुमी काय करनार व्हतात? तुमी मला माज्या घरात हिंडतं ठेवलं." आणि मग जरा थांबून, "आता भाकरी खा. नंदा उपाशी जाईल तुमच्यापायी."

मामा जेवला. पण ब्रश उचलला नाही.

पाहुणे आले तेव्हा घर तसंच रंगीत होतं. संतोषनं त्यांना आईच्या डोळ्यांचं सरळ सांगितलं. मुलाची आजी मामीजवळ बसून किती वेळ बोलत होती. सोयरीक जुळली. पनवेलला जायचा विषय संतोषनं पुन्हा काढला नाही. त्याऐवजी दर शनिवारी तो इकडे यायला लागला. एका शनिवारी बघते तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पडवीच्या पायरीच्या कडेला पिवळा रंग लावतोय. रंग ओघळत होता, रेघ वाकडी जात होती, पॉलिश पेपर त्यानं वापरलाच नव्हता. मामा खुर्चीत बसून बघत होता. काम झालं तसा संतोष उभा राहिला.

"कसं झालंय, बाबा?"

मामा खाली वाकला. पण नख ओढलं नाही. तळहातानं ती कड नुसती पुसल्यासारखी केली आणि म्हणाला, "झकास झालंय."

संतोष गेल्यावर सोमवारी त्यानं ती पायरी पुन्हा घासून, धुऊन नीट रंगवली. मामीला म्हणाला, पोराला सांगू नको.

परवा मला खालापूरला शाळेच्या कामासाठी जायचं होतं. मामीचे थेंब संपत आले होते आणि तिला बाजारही करायचा होता, म्हणून आम्ही तिघं टमटममधून गेलो. तहसीलच्या रस्त्याला उतरलो तर बाजाराची ही गर्दी. मोटारसायकली, भाजीवाल्या, एसटीतून उतरणारी माणसं. इथं कशालाच निळी चौकट नव्हती.

मामा सवयीनं पुढे चालायला लागला. या दोघांना मी लहानपणापासून बघते आहे, तो पुढे आणि ती मागे, मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर. आमच्याकडे त्यांच्या वयाची माणसं अशीच चालतात. मी मामीचा हात धरायला पुढे झाले.

"तू नको," मामी मला म्हणाली. आणि मग भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, तिनं हाक मारली, "आवो! हात धरा माजा."

मामा वळला. भाजीवाल्या बघत होत्या. पानटपरीवर रसायनीचे त्याचे दोन जुने सोबती उभे होते, तेही बघत होते. मामाचे कान लाल झाले. तो परत आला, इकडेतिकडे न बघता तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिचा हात त्यानं आपल्या हातात घेतला. घट्टही नाही, सैलही नाही.

"आता खड्डा हाय," तो म्हणाला. "आता सपाट हाय. उजवीकडं गाडी हाय, थांब."

"बोला," मामी म्हणाली. "बोलत ऱ्हावा."

मी दोन्ही पिशव्या घेऊन मागे राहिले. ते दोघं गर्दीतून हळूहळू औषधांच्या दुकानाकडे निघाले होते.